एकच गळा, दोन यंत्रे

प्रश्न : उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची १९०५ ची गाणी दूरवरून आल्यासारखी, तर १९३० नंतरची अगदी समोर बसून गायल्यासारखी का वाटतात? – एक वाचक, सांगली

उत्तर : वयाचा परिणाम असेलच, पण खरा फरक यंत्राचा आहे. १९०५ मध्ये ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन वापरला जात नसे. गायकाने कर्ण्यासमोर उभे राहून खणखणीत आवाज लावावा, त्या आवाजाच्या नुसत्या दाबाने कर्ण्याच्या टोकाचा पातळ पडदा हलावा आणि सुईने मेणाच्या तबकडीवर खाच कोरावी, अशी ती रीत असल्यामुळे तंबोऱ्याची आस (मागे रेंगाळणारा नाद) आणि हळुवार मिंड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे) त्यात जवळजवळ हरवूनच जात असे. १९२५ पासून मायक्रोफोन वापरून होणारे विद्युत ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि मिरजेत स्थायिक झालेल्या खाँसाहेबांच्या मृदू, पातळ स्वरलगावाला, माझ्या मते, खरा न्याय तेव्हाच मिळाला. तबकडीच्या एका बाजूची तीन-साडेतीन मिनिटांची अट मात्र सुटली नाही. जास्त वेळ वाजणारी दीर्घवादन तबकडी (एलपी) १९४८ मध्ये आली, आणि खाँसाहेब तर १९३७ मध्येच निवर्तले होते. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, ख्यालाची सावकाश बढत (राग टप्प्याटप्प्याने उलगडणे) त्यामुळे मुद्रित झालीच नाही. आणखी एक गोष्ट अशी, की आरंभीच्या तबकड्यांचा वेग मिनिटाला नेमका ७८ फेऱ्यांचा नसे, म्हणून त्यांवरून मूळ पट्टीचा (गायकाच्या ‘सा’च्या उंचीचा) अंदाज बांधू नये.