आवाजाचा नमुना द्यावा का?

प्रश्न: खंडणीच्या फोनवरून माझ्या धाकट्या भावावर गुन्हा दाखल झाला आहे. फिर्यादी त्याला दोनदाच भेटलेला, तरी वीस सेकंदांचे रेकॉर्डिंग ऐकून ‘आवाज याचाच’ म्हणतो. पोलीस आवाजाचा नमुना मागताहेत. भावाने नकार द्यावा का?

उत्तर: पोलिसांनी तोंडी मागितले म्हणून नमुना देण्याचे बंधन नाही. मॅजिस्ट्रेटचा आदेश आला, तर मात्र द्यावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 349 मध्ये तसा अधिकार आहे, आणि त्याने स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने रितेश सिन्हा खटल्यात 2019 मध्ये सांगितले. आदेश डावलला, तर नकारच भावाच्या अंगाशी येऊ शकतो.

काळजी घ्यायची ती नमुना देताना. वाचायला दिलेल्या मजकुरात वादग्रस्त संभाषणातले सुटे शब्द चालतात, धमकीची आख्खी वाक्ये नकोत (सुधीर चौधरी निकाल, 2016). तशी वाक्ये असतील तर वाचण्याआधीच वकिलामार्फत लेखी हरकत घ्या. कोणत्या यंत्रावर ध्वनिमुद्रण झाले, हे पंचनाम्यात येऊ द्या. साध्या फोनवरून साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज पोचतो. चांगल्या मायक्रोफोनवरच्या शांत वाचनाशी दरडावून बोललेल्या वीस सेकंदांची तुलना कितपत टिकते, हे तज्ज्ञाला उलटतपासणीत विचारावेच लागेल.

या खटल्यातली सर्वांत कच्ची कडी म्हणजे फिर्यादीची ओळख. नीलेश दिनकर पराडकर खटल्यात (2011) सर्वोच्च न्यायालयाने आवाजाच्या ओळखीचा पुरावा पूर्णपणे अविश्वसनीय नसला, तरी फार तर संशयास्पदच असतो, असे म्हटले आहे. फिर्यादीने भावाचा आवाज फोनवर आधी कधी ऐकला होता का? क्लिप ऐकवण्यापूर्वी पोलिसांनी नाव सांगितले का? इतर अनोळखी आवाजांत मिसळून ऐकवली, की एकच क्लिप लावून ‘हाच ना?’ विचारले? नाव आधी कानावर पडले असेल, तर माणूस तोच आवाज ऐकतो. अगदी प्रामाणिक साक्षीदारही यात फसतो.

रेकॉर्डिंगही तपासा. मूळ फोन जप्त आहे, की व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेली प्रत? इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र, त्यात हॅश व्हॅल्यू (फाइल बदलली की बदलणारा, तिच्या ठशासारखा आकडा), सील कधी लागले, प्रयोगशाळेत कधी पोचले, हे सगळे मागा.

आणि खंडणीचा फोन आला त्या क्रमांकाचा सीडीआर (कोणाला, कधी, किती वेळ फोन झाले याची नोंद) व टॉवर लोकेशन जतन करण्याचा अर्ज याच आठवड्यात कोर्टात द्या. कंपन्या ही नोंद कायम ठेवत नाहीत.