कथा आधीच ठाऊक असताना ‘ड्रॅगन बॉल’चा जुना जपानी आरपीजी खेळण्यात अर्थ आहे का?

आपला प्रश्न असा आहे की, ‘ड्रॅगन बॉल’ ही मांगा (जपानी चित्रकथा) मालिका पूर्ण वाचून झाली असेल, तर तिच्यावर बेतलेला, निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या जुन्या गेम-यंत्राच्या काळातला रोल-प्लेइंग गेम (आरपीजी) आज कशासाठी खेळायचा. कोण जिंकणार आणि कोण मरणार हे तर आधीच माहीत असते. माझे उत्तर ‘अवश्य खेळावा’ असे आहे. ते मी ‘ड्रॅगन बॉल झेड : क्योशू! सायाजिन’ या एकाच गेमच्या आधारे देतो. बांदाईने तो ऑक्टोबर १९९० मध्ये प्रसिद्ध केला आणि परग्रहावरच्या सायाजिन योद्ध्यांपैकी रॅडिट्झच्या आगमनापासून व्हेजिटाशी होणाऱ्या लढाईपर्यंतचे कथानक त्यात येते.

आधी मांगाविषयी थोडे सांगायला हवे. अकिरा तोरियामा यांची ही मालिका १९८४ पासून ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात येत होती आणि १९८६ मध्ये आलेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या आरपीजीची पात्रे व राक्षसही त्यांनीच रेखाटले होते. पुढे १९८८ मधल्या भागांत रॅडिट्झ पृथ्वीवर उतरतो तो डोळ्यावर स्काउटर (समोरच्याची ताकद आकड्यात मोजणारे यंत्र) लावूनच, आणि बंदूक रोखून समोर उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याची ताकद तो ५ अशी मोजतो. व्हेजिटाचा साथीदार नापा याच्यासमोर येणाऱ्या नायक गोकूचा आकडा ८,००० च्या वर जातो, तर पुढचा खलनायक फ्रीझा स्वतःच आपला आकडा ५,३०,००० असल्याचे सांगतो. एकातून दुसरे आले असा दावा मी करणार नाही, परंतु आरपीजीत पात्रांची ताकद आकड्यांत मोजतात, आणि मांगा स्वतःच त्या हिशोबात बोलू लागला होता एवढे मात्र स्पष्ट दिसते. त्यामुळे गेम करणाऱ्यांना ताकदीचे आकडे बाहेरून चिकटवावे लागले नाहीत.

या गेममधली लढाई मात्र नेहमीच्या आरपीजीप्रमाणे ‘हल्ला, मंत्र, पलायन’ अशा यादीतून होत नाही. पडद्यावर पाच पत्ते वाटले जातात. प्रत्येक पत्त्यावर एके ठिकाणी ड्रॅगन बॉल (कथेतला तारे असलेला जादूचा गोळा) असतो आणि त्यातल्या ताऱ्यांवरून हल्ल्याचा जोर ठरतो. दुसरीकडे जपानी अंक असतो, त्यावरून बचाव ठरतो. आणि मधोमध एखाद्या गुरुपरंपरेचे चित्राक्षर असते. कासव-गुरूंच्या शिष्याला कासवाचे अक्षर मिळाले, पिकोलोला राक्षसाचे मिळाले, तर त्या पात्राचा फायदा होतो. म्हणजे कोणता पत्ता कोणाला द्यायचा हे ठरवताना कोण कोणाकडे शिकला हे आठवावे लागते, आणि इथे मांगा वाचलेल्या माणसाला आपले वाचन प्रथमच उपयोगी पडते. एकाच पत्त्यावर सात तारे आणि बचावाचा अंक अगदी लहान असला, की तो गोकूच्या लहानग्या मुलाच्या, गोहानच्या हाती द्यायला मन धजावत नाही.

आता आपल्या मूळ शंकेकडे येतो. मांगामध्ये गोकूचा साथीदार यामचा हा साइबामॅन नावाच्या, शत्रूने सोडलेल्या एका छोट्या राक्षसाच्या आत्मघातकी स्फोटात मरतो, दुसरा साथीदार चाओझू स्वतःला उडवून देतो आणि पिकोलो गोहानला वाचवताना प्राण गमावतो. गेममध्ये साइबामॅनशी होणारी झुंज पत्त्यांवर लढावी लागते आणि पत्ते नीट वापरले तर यामचा तिच्यातून जिवंत बाहेर पडू शकतो. ज्याने मांगा वाचलेला नाही त्याच्या दृष्टीने यामचा हा संघातला एक कमकुवत गडी असतो. ज्याने वाचला आहे तो मात्र त्याला वाचवण्यासाठी जिवाचे रान करतो, चांगले पत्ते त्याच्यासाठी राखून ठेवतो आणि त्यापायी क्रिलिन या दुसऱ्या साथीदाराला मार खाऊ देतो. कथा ठाऊक असणे हा इथे अडथळा नाहीच; उलट ती ठाऊक नसेल तर निम्मा गेम वाया जातो असे मला वाटते.

दोषही आहेत. नकाशावर फिरतानाही पत्तेच खर्चावे लागतात, ताकद वाढवण्यासाठी फुटकळ शत्रूंशी पुन्हा पुन्हा लढावे लागते आणि प्रत्येक प्रहाराचे चित्रण पूर्ण होईपर्यंत थांबावे लागते. कामेहामेहा ही ऊर्जेची लाट सुटल्यावर पडदा तिच्यामागोमाग सरकत प्रतिस्पर्ध्यापर्यंत जातो, हे पहिल्यांदा फार सुंदर दिसते. रेंगाळलेल्या संध्याकाळी तेच दृश्य सहनशक्ती पाहते.

एक तांत्रिक बाब सांगण्यासारखी आहे. त्या काळातल्या अनेक कार्ट्रिजमध्ये खेळ जतन करण्यासाठी बॅटरी असे आणि ती संपली की सगळे पुसले जाई. या कार्ट्रिजमध्ये बॅटरीऐवजी अवघ्या १२८ बाइटची ईईप्रॉम चिप (वीज नसतानाही माहिती जपणारी) आहे, त्यामुळे जुने कार्ट्रिज विकत घेतल्यास निदान बॅटरीची चिंता नसते. आपल्याकडे मिळणारे पिवळ्या कार्ट्रिजचे ‘टीव्ही गेम’ हे फॅमिकॉमचीच नक्कल होते, पण त्यांवर बहुतेक उड्या मारण्याचे आणि गोळ्या झाडण्याचेच खेळ असत.

हा गेम जपानबाहेर अधिकृतपणे आला नाही. २०१८ मध्ये ‘शोनेन जंप’च्या पन्नाशीनिमित्त निन्टेन्डोने २० गेमसह जो सोनेरी छोटा फॅमिकॉम काढला, त्यात तो आहे, अर्थात जपानीतच. लढाईपुरते एक ते सात हे जपानी अंक आणि गुरुपरंपरांची मोजकी चित्राक्षरे ओळखता आली तरी भागते. संवाद काय चालले असतील हे आपल्याला मांगामुळे ठाऊक आहेच. जुन्या गेमचा संथपणा अजिबात सोसत नसेल, तर सुपर फॅमिकॉम या फॅमिकॉमनंतरच्या यंत्रावरचा १९९२ चा ‘सुपर साया देन्सेत्सु’ आधी घ्यावा. त्यात हाच भाग आणि पुढचा फ्रीझाचा भाग अधिक देखण्या रूपात एकत्र आला आहे.