शिंगं असलेली मादी गाभण राहील का? आधी मखमल बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. व्हाइटटेल हरणांच्या फार्मवर विकत आणलेली एक दोन वर्षांची मादी. जुलैत तिच्या कपाळावर दोन्ही बाजूंना बोटभर शिंगं दिसली. विकणारा म्हणतो, काही बिघडत नाही. दुसरा एक फार्मवाला म्हणतो, वांझ आहे, आत्ताच काढून टाका. यंदा तिला नराकडे सोडायची की नाही?

माझं मत विचाराल तर दोघांचंही ऐकू नका. ऑक्टोबरपर्यंत थांबा आणि शिंगांवरची मखमल, म्हणजे वाढत्या शिंगावरची मऊ केसाळ कातडी, राहते की उतरते ते बघा. जुलैत नर असो वा मादी, सगळ्यांचीच शिंगं मखमलीत असतात, त्यामुळे आज कोणी छातीठोकपणे काही सांगत असेल तर तो अंदाज आहे.

मादीला शिंगं येतातच कशी, हे कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. हरणाचं शिंग कपाळाच्या हाडावरच्या खुंटातून उगवतं आणि तो खुंट जागा व्हायला टेस्टोस्टेरॉन हे नराचं संप्रेरक लागतं. नर पाडसाला ते वृषणातून मिळतं. मादीच्या कपाळातही ती जागा असते, फक्त झोपलेली. विस्लोकी या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1947 साली दाखवून दिलं होतं की मादीला टेस्टोस्टेरॉन टोचलं तर तिलाही शिंगं येतात. म्हणजे तुमच्या मादीला ते कुठून तरी मिळालंय. अंडाशय आणि मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी थोडं तयार करतातच, कधी तिथे गाठ असते, आणि कधी पोटात चक्क वृषण दडलेले असतात.

आता खरी गंमत. शिंग सुरू व्हायला थोडकं टेस्टोस्टेरॉन पुरतं, पण ते कडक होऊन मखमल उतरायला भरपूर लागतं. नरांत ऑगस्ट-सप्टेंबरला दिवस लहान होऊ लागले की ते चढतं, शिंग दगडासारखं होतं, मखमल सोलली जाते. माजाचा हंगाम सरला की ते उतरतं आणि शिंग गळतं. ज्या मादीचे अंडाशय नीट आहेत तिच्यात ही भरती येतच नाही, म्हणून तिची शिंगं नोव्हेंबरातही मखमलीत राहतात. खच्ची केलेल्या नराचं होतं तसंच. कडाक्याच्या थंडीत टोकं गोठून झडतात आणि वसंतात त्याच बुडख्यावर पुन्हा गाठी फुटतात. दिसायला ओबडधोबड, पण अशी मादी बहुतेक वेळा व्यवस्थित गाभण राहते आणि दूधही पाजते.

उलट शिंगं स्वच्छ, गुळगुळीत, झाडावर घासलेली दिसली तर सावध व्हा. असं जनावर बहुतेक वेळा बाहेरून मादी आणि आतून नर असतं.

दोन्ही प्रकार माझ्या हाताखालून गेलेत. पहिली मादी शूटमध्ये, म्हणजे जनावर धरून ठेवायच्या अरुंद चौकटीत, धरली तेव्हा तिच्या शिंगाला हात लावला तर ते कोमट आणि रबरासारखं लागलं, आत रक्त खेळत होतं. तिने चार वर्षं पाडसं दिली, त्यातली दोनदा जुळी. दुसरं जनावर मात्र सप्टेंबरअखेर एका खांबाला कपाळ घासताना सापडलं. लघवीला बसायचं मादीसारखं, पण सड कधी वाढलेच नव्हते. डॉक्टरांनी स्पेक्युलम (आत बघायचं उपकरण) घातला तर योनीमार्ग दोन बोटांवरच बंद. दोन हंगाम ते मी "उशिरा माजावर येणारी" म्हणून पोसलं होतं. चूक माझीच, कारण कागदावर मादी लिहिलं होतं म्हणून मी कधी नीट बघितलंच नाही.

हो, आणि ती "नरासोबत जुळी जन्मली असेल म्हणून बिघडली" ही शंका. ते डोक्यातून काढून टाका. गायीत बैलासोबत जन्मलेली कालवड बहुधा वांझ निघते, कारण तिथे दोन्ही गर्भांच्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात. व्हाइटटेलमध्ये नर-मादी जुळी ही रोजचीच गोष्ट आहे आणि त्यातल्या माद्या सर्रास वितात. रेनडिअरचं उदाहरणही इथे लागू पडत नाही. त्यांच्या माद्यांना शिंगं असणं हाच नियम आहे, गाभण मादी तर ती वीण होईपर्यंत डोक्यावर बाळगते.

तपासण्यांचं म्हणाल तर जनावर एकदाच धरा आणि सगळं त्याच वेळी उरकून घ्या, धरपकडीच्या ताणानेच ही जनावरं मरतात. बाह्यांग आणि योनीमार्ग तपासणं हे पहिलं. मोठी झालेली भगशिश्निका (क्लिटोरिस) किंवा आखूड बंद मार्ग दिसला तर पुढे खर्च करू नका. मग केसाच्या मुळांवरून किंवा रक्तावरून वाय गुणसूत्रावरच्या, नर घडवणाऱ्या एसआरवाय जनुकाची चाचणी. ती होकारार्थी आली तर विषय संपला. नकारार्थी आली म्हणजे मात्र सगळं ठीक असं नाही, कारण वाय नसतानाही मिश्रलिंगी जनावर निघू शकतं. प्रोजेस्टेरॉन (अंडाशयातून येणारं मादीचं संप्रेरक) तपासायचं असेल तर आत्ता पैसे घालवू नका. ही हरणं लहान दिवसांत माजावर येतात, उन्हाळ्यात रिकाम्या मादीचं प्रोजेस्टेरॉन कमीच भरणार. नोव्हेंबर उलटल्यावर दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घेतलेत तर अंडाशय काम करतोय की नाही ते कळेल.

एवढ्या धरपकडीत शिंगाला जपा. मखमलीतलं शिंग शूटच्या कडेला आपटलं तर भळाभळा रक्त येतं आणि उन्हाळ्यात त्या जखमेवर माश्या बसून अळ्या पडतात.

ती मखमलवाली निघाली तर पहिल्या हंगामात कृत्रिम रेतन नको. सिडर (योनीमार्गात ठेवायचं प्रोजेस्टेरॉनचं साधन) 14 दिवस ठेवा, काढल्यावर साधारण 60 तासांनी रेतन करा, इतकं सगळं करून महागडी रेतमात्रा अशा मादीवर लावायची म्हणजे जुगार. सरळ सिद्ध झालेल्या नरासोबत सोडा. आमच्याकडे नराने तिला कधी प्रतिस्पर्धी समजून मारलं नाही, त्याचं नाक शिंगांपेक्षा शहाणं असतं. पण पहिले दोन दिवस लक्ष ठेवा. माजावर ती दिवसभर, फार तर दीड दिवस राहील. फळली नाही तर साधारण 28 दिवसांनी उलटेल, म्हणजे पुन्हा माजावर येईल, ती तारीख लिहून ठेवा. पुढे दीड-दोन महिन्यांनी सोनोग्राफी किंवा रक्तातली गर्भधारणा चाचणी. गाभण राहिली तर भरल्यापासून 200 दिवसांच्या आसपास विणार. दोन हंगाम रिकामी गेली तर मात्र भावनेत अडकू नका.

काढून टाकण्याची वेळ आलीच तर एक लक्षात असू द्या. फार्म सीडब्ल्यूडीच्या (हरणांचा मेंदू पोखरणारा जीवघेणा संसर्गजन्य रोग) प्रमाणन कार्यक्रमात असेल तर 12 महिन्यांवरचं कुठलंही जनावर मेलं किंवा मारलं की नमुना द्यावाच लागतो. नोंदवहीत तिच्या टॅगसमोर "मादी, शिंगं आहेत" असं आजच लिहा, नाहीतर तपासणीच्या दिवशी मोजणीत एक नर जास्त आणि एक मादी कमी भरते आणि अर्धा दिवस खुलासे करण्यात जातो.

आणि विकणारा "शिंगवाल्या मादीचे नर मोठ्या शिंगांचे होतात" म्हणून जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका. तिची शिंगं संप्रेरकांच्या गडबडीतून आलीत, वंशातल्या शिंगांच्या आकाराशी त्यांचा संबंध लावू नका. मुलग्यांची शिंगं आई आणि बाप दोघांकडून येतात, हे खरं. पण आईकडून काय येणार ते तिच्या बापाच्या, भावांच्या आणि आधीच्या मुलग्यांच्या डोक्यावर बघायचं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात फोटो टाका. एक कपाळाचा जवळून, शिंगाचं बूड दिसेल असा, आणि एक मागून, शेपूट वर असताना. समोरून काढलेल्या देखण्या फोटोवरून काहीच सांगता येत नाही.