अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये कोच बदलला, मुलं तीच राहिली, तरी टीम का कोसळते?

मुलं तीच राहतात म्हणूनच कोसळते.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाचा अमेरिकेत शिकतो, त्याच्या कॉलेजने हंगाम संपताच हेड कोचला नारळ दिला, नवा कोच 'स्प्रेड' नावाचा ऑफेन्स (बॉल आपल्याकडे असताना हल्ला करायची पद्धत) आणणार म्हणतात, आणि भाचा आत्ताच सांगतोय की पहिलं वर्ष पाण्यात गेलं समजा. कोच तर मैदानात उतरत नाही, मग एवढं काय बिघडतं?

मी मूळचा सांगलीचा, २००६ पासून मिशिगनमध्ये ॲन आर्बरजवळ राहतो. हा खेळ मला कळायला लागला तो नेमका त्या वर्षी, ज्या वर्षी मिशिगनची टीम खेळणंच विसरल्यासारखी झाली. शेजारच्या म्हातारबुवांकडे पूर्ण हंगामाची दोन तिकिटं असत. काकूंनी २००८ च्या सप्टेंबरातच जाहीर केलं की मी हे बघायला थंडीत बसणार नाही. ती जागा मला मिळाली. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी बाकावर कुडकुडत शिकलोय.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. कॉलेजच्या कोचला खेळाडू विकत घेता येत नसत (आता जवळजवळ येतात, त्यावर शेवटी बोलू). तो सतरा-अठरा वर्षांच्या पोरांच्या घरी जातो, आईबापांशी बोलतो, स्कॉलरशिप देतो. पोरगं चार-पाच वर्षं राहतं. म्हणजे आज मैदानात दिसणारी टीम ही तीन-चार वर्षांपूर्वी कुणीतरी मनात धरलेल्या खेळाची माणसं असतात. कोच गेला तरी त्याची निवड मागे उरते. आणि सरावाला आठवड्याचे वीसच तास, असा नियम आहे. एवढ्या वेळात नवी भाषा शिकवायची, तीसुद्धा जिभेला दुसरीच सवय लागलेल्यांना.

मिशिगनमध्ये १९६९ पासून एकच घराणं चालू होतं. बो शेमबेक्लर, मग त्यांचा सहायक गॅरी मोलर, मग त्यांचा सहायक लॉइड कार. २००७ च्या हंगामानंतर कार निवृत्त झाले आणि वेस्ट व्हर्जिनियाहून रिच रॉड्रिगेझ आले. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच बाहेरचा माणूस. कारच्या टीमची चाल ठरलेली: लाइनमध्ये, म्हणजे समोरच्यांना अडवणाऱ्या पुढच्या रांगेत, अवाढव्य पोरं, मागे उंचापुरा क्वार्टरबॅक (दर वेळी बॉल आधी ज्याच्या हातात येतो तो), तो उभा राहून लांब फेकणार. रॉड्रिगेझ बरोबर याच्या उलट, तुमच्या 'स्प्रेड'वाले: पोरं मैदानभर पसरवायची आणि मोकळ्या जागेतून पळायचं. त्यांचं नाव ज्या एका प्लेशी (ठरवलेल्या चालीशी) जोडलं जातं तो 'झोन रीड'. तो कळला की तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं, म्हणून जरा सावकाश सांगतो.

क्वार्टरबॅक सेंटरच्या (लाइनच्या मधल्या गड्याच्या) मागे चार-पाच यार्डांवर उभा, शेजारी रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा गडी. स्नॅप, म्हणजे सेंटरने मागे दिलेला बॉल, हातात आला की बॅक त्याच्या समोरून तिरका जातो आणि क्वार्टरबॅक बॉल त्याच्या पोटाशी धरतो. देत नाही, नुसता धरतो आणि त्याच्याबरोबर अर्धं पाऊल सरकतो. या वेळात त्याची नजर बॉलवर नसते. ती असते समोरच्या रांगेतल्या टोकाच्या गड्यावर, डिफेन्सिव्ह एंडवर. आणि या एंडला कुणी अडवलेलंच नसतं, मुद्दाम मोकळा सोडलेला. तो बॅकच्या मागे आत घुसला, तर बॉल ओढून घ्यायचा आणि त्याने सोडलेल्या जागेतून स्वतः पळायचं. तो जागेवरच थबकला, तर बॉल बॅकला देऊन टाकायचा. खो-खोत हूल देतात ना, तशीच ही हूल. फरक इतकाच की हूल नक्की कुठली ते शेवटच्या क्षणापर्यंत देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

यामागे साधी बेरीज-वजाबाकी आहे. जुन्या पद्धतीत बॉल देऊन झाला की क्वार्टरबॅक प्रेक्षक. पळणारा एक, बघणारा एक, अडवायला उरले नऊ, समोर अकरा. झोन रीडमध्ये एका गड्याला हात न लावता बाद करतात, आणि त्याच्यावर खर्च झाला असता तो लाइनमन दुसऱ्या कुणाच्या अंगावर जायला मोकळा होतो. हा प्ले सुचला म्हणे अपघाताने. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉड्रिगेझ ग्लेनव्हिल स्टेट नावाच्या छोट्या कॉलेजात कोच होते. सरावात क्वार्टरबॅक जेड ड्रेनिंगच्या हातून बॉल नीट दिला गेला नाही, त्याने पाहिलं की एंड आत धावलाय, आणि तो बॉल घेऊन बाहेरून पळत सुटला. कोचने विचारलं, असं का केलंस? एंड आत गेला म्हणून, एवढंच उत्तर.

आता हा प्ले खेळायला काय लागतं ते बघा. पळणारा क्वार्टरबॅक, आणि जागेवर रेटण्यापेक्षा आडवे धावू शकणारे, हलके लाइनमन. मिशिगनकडे होता रायन मॅलेट, साडेसहा फूट उंच, हातात तोफ, पाय मात्र जेमतेम. त्याने वेळीच ओळखलं आणि तो आर्कान्सॉला गेला. लाइनमधला एक पोरगा तर थेट हाडवैरी ओहायो स्टेटकडे. वर जेक लाँग, चॅड हेनी, माइक हार्ट या मुरलेल्या मंडळींची कॉलेजची वर्षं त्याच वर्षी संपली होती. उरले स्टीव्हन थ्रेट, तोही उंच फेकणाराच, आणि निक शेरिडन, जो स्कॉलरशिपशिवाय टीममध्ये आला होता. (पुढे हाच शेरिडन इंडियानाचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे ऑफेन्स आखणारा सहायक कोच झाला. न जमणारा ऑफेन्स आतून बघणं हेही शिक्षणच.)

निकाल: ३ विजय, ९ पराभव. १९६७ नंतर पहिल्यांदाच पराभव जास्त. सलग ३३ वर्षं चाललेली बोल सामन्यांची (हंगामाअखेर चांगल्या टीमना मिळणाऱ्या सामन्यांची) मालिका तुटली. टोलेडोसारख्या छोट्या टीमने आमच्याच मैदानावर १३-१० ने हरवलं, आणि टोलेडोच्या गटातल्या (मिड-अमेरिकन कॉन्फरन्स) कुठल्याच टीमकडून मिशिगन तोवर हरलं नव्हतं. लाखभर माणसं एकदम गप्प बसली की कसं वाटतं, ते त्या दिवशी कळलं.

पण त्याच हंगामातला एक क्षण मी विसरलेलो नाही. विस्कॉन्सिनविरुद्ध १९-० ने मागे होतो. शेवटच्या भागात थ्रेटने बॉल बॅकच्या पोटाशी धरला, ओढून घेतला आणि पळत सुटला. तो सांडणीसारखा ढांगा टाकत पन्नासहून जास्त यार्ड गेला, कारण त्याच्यामागे कुणी नव्हतंच. हा पळेल असं विस्कॉन्सिनमध्ये कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सामना २७-२५ ने जिंकलो. म्हातारबुवा माझा दंड धरून म्हणाले, "बघितलंस? प्ले चांगलाय रे, पोरगं चुकीचं आहे." तो माणूस बोच्या काळापासून तिथे बसतोय. सत्तरच्या दशकात रिक लीच हा क्वार्टरबॅक बॉल घेऊन कसा पळायचा, ते त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. 'पळणारा क्वार्टरबॅक ही आमची परंपरा नाही' असं कुणी म्हटलं की ते भडकत.

योग्य पोरगं आलं ते २००९ मध्ये, फ्लोरिडाहून. डेनार्ड रॉबिन्सन, बुटाच्या नाड्या न बांधता खेळणारा. २०१० मध्ये तो मुख्य क्वार्टरबॅक झाला. नोत्र दामविरुद्ध त्याने एकट्याने ५०२ यार्ड मिळवले, २५८ पळून आणि २४४ फेकून. त्या हंगामात तो १,७०२ यार्ड पळाला. तोवर कुठलाही क्वार्टरबॅक एका हंगामात एवढा पळाला नव्हता. म्हणजे ऑफेन्स रुळावर यायला तीन वर्षं लागली. पण एव्हाना डिफेन्सचं पार मातेरं झालं होतं. इलिनॉयविरुद्धचा सामना ६७-६५ असा सुटला, यावरून काय ते समजा. शेवटच्या बोल सामन्यात मिसिसिपी स्टेटने ५२-१४ ने धुतलं आणि जानेवारी २०११ मध्ये रॉड्रिगेझ गेले. हिशेब १५ विजय, २२ पराभव. माझं मत विचाराल तर त्यांना ऑफेन्सने नाही, डिफेन्सने घालवलं. पण पहिल्या वर्षी एवढी पत घालवल्यावर तिसऱ्या वर्षी कुणी दम धरत नाही.

इथून पुढचं लोक विसरतात. नवे कोच ब्रेडी होक आले, त्यांच्याबरोबर ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर अल बोर्जेस. बोर्जेस पुन्हा जुन्या वळणाचे, मागे उभं राहून फेकण्यातले. तरी पहिल्या वर्षी त्यांनी शहाणपणा केला. डेनार्ड आहे, तर आपली वही (आखलेल्या चालींची) थोडी मिटून ठेवू. त्याला फेकायलाही लावलं (१५ वेळा बॉल समोरच्यांच्या हातात गेला, आमचे केस पांढरे झाले), पण पळूही दिलं. ११-२ (विजय-पराभव), आणि शुगर बोलही जिंकला. गावात सगळे म्हणाले, बघा, खरा कोच आला! मी मात्र मनात म्हणत होतो, पेरलं कुणी आणि कापतंय कोण.

डेनार्ड गेला आणि २०१३ मध्ये बोर्जेसना आपल्या मनासारखा खेळ खेळवायला मिळाला. लाइनचा मधला भाग कोवळ्या पोरांचा. मिशिगन स्टेट या दुसऱ्या विद्यापीठाविरुद्ध पळून मिळवलेले यार्ड: उणे ४८. होय, उणे. पूर्ण सामना पळायचा प्रयत्न करून टीम होती त्याच्या मागे गेली. पुढच्या शनिवारी नेब्रास्काविरुद्ध उणे २१. जानेवारीत बोर्जेस गेले, वर्षभराने होकही.

म्हणून भाच्याच्या टीमकडे बघताना 'नवा ऑफेन्स चांगला की वाईट' हा प्रश्नच मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. चांगलेच असतात सगळे, कुठेतरी कुणाकडे तरी चाललेले असतात म्हणून तर कोच बोलावला जातो. बघायचं ते हे की कोच आल्या-आल्या वही बदलतो की माणसं बदलेपर्यंत थांबतो. जॉर्जिया टेकमध्ये पॉल जॉन्सन अकरा वर्षं ट्रिपल ऑप्शन खेळवत होते. जवळजवळ सगळं पळणं, फेकणं नावापुरतं, आणि टाइट एंड (अडवणं आणि पास घेणं दोन्ही करणारा) ही जागाच त्या ऑफेन्समध्ये नाही. २०१९ मध्ये जेफ कॉलिन्स आले आणि आजकालचा फेकण्याचा खेळ सुरू केला. ३-९. त्यातही द सिटाडेल या छोट्या लष्करी कॉलेजने त्यांना २७-२४ ने हरवलं. तेही कशाने? ट्रिपल ऑप्शनने. जे घरातून बाहेर टाकलं, त्यानेच दारात येऊन मार दिला.

उलट उदाहरण एलएसयूचं (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी). २०१८ मध्ये क्वार्टरबॅक जो बरोने १६ टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे पास) फेकले. २०१९ मध्ये हेड कोच तेच, ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर स्टीव्ह एन्समिंगरही तेच. फक्त एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडून जो ब्रेडी नावाचा तिशीही न गाठलेला सहायक आला, पासिंगची बाजू बघायला. पाच जण पास घ्यायला पसरवायचे, बचाव विस्कटायचा, आणि बरोला ठरवू द्यायचं. त्याच बरोने ६० टचडाउन पास फेकले, टीम १५-० ने राष्ट्रीय विजेती. इथे पोरं आधीपासूनच या खेळाची होती, पास घेणारे जमार चेस आणि जस्टिन जेफरसन आधीच्या वर्षीही तिथेच होते. त्यांचा वापर होत नव्हता, एवढंच. पुढच्या वर्षी ब्रेडी एनएफएलमध्ये गेला, बरो आणि निम्मी टीमही गेली, आणि एलएसयू ५-५ वर आलं.

आता सुरुवातीला राहिलेली गोष्ट. २०२१ पासून पोरांना एक वर्ष बसून न राहता दुसऱ्या कॉलेजात जाऊन लगेच खेळता येतं, शिवाय जाहिरातींचे पैसेही घेता येतात. त्यामुळे २००८ चं गणित सैल झालंय. कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसनहून इंडियानाला आले ते डझनभर खेळाडू बरोबर घेऊन. म्हणजे वहीही आणली आणि ती वाचता येणारी पोरंही. २०२३ ला ३-९ असलेली टीम २०२४ ला ११-२. भाच्याची भीती आजही खोटी नाही, पण तीन वर्षं थांबायलाच हवं असंही उरलेलं नाही.

तर भाच्याला दोन गोष्टी विचारा. नवा क्वार्टरबॅक कुठून आलाय, जुन्या कोचने आणलेला की नव्याबरोबर आलेला? आणि लाइनमधल्या पाचांपैकी किती जण गेल्या वर्षी खेळलेत? पहिल्या सामन्यात स्कोअरकडे बघू नका म्हणावं, त्या मोकळ्या सोडलेल्या एंडकडे बघ. तो बिनधास्त आत धावत असेल, तर समोरच्यांना कळलंय की या क्वार्टरबॅकची भीती बाळगायचं कारण नाही.

तुम्ही टीमचं नाव लिहिलेलं नाही. खाली कळवलंत तर त्या कोचने आधी कुठे काय खेळवलंय ते बघून सांगतो. म्हातारबुवाही आहेत अजून, त्र्याऐंशीचे झालेत. त्यांना विचारलं तर मात्र कुठल्याही टीमबद्दल 'बो असता तर' इथूनच सुरुवात होईल.