पहिल्यांदा बाळाला छातीशी घेताना

अगं, लवकर जन्मलेल्या बाळाला लावलेल्या नळ्या बघून घाबरू नकोस. डॉक्टरांनी हो म्हटलं की सिस्टर सगळं सांभाळून बाळ तुझ्याकडे देतील. नळीने दूध चालू असलं तरी कांगारू केअर, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून धरणं, करता येते. मंगळसूत्र काढून ठेव, पावडर-अत्तर नको, पुढून उघडणारा गाऊन घाल. बाळाला फक्त टोपी, मोजे, लंगोट.

मानेकडे मात्र नीट लक्ष दे. बाळ उभं, डोकं एका बाजूला वळवलेलं. हनुवटी छातीत रुतली की श्वास अडतो. ओठ निळसर दिसले तर लगेच हाक मार.

बसलीस की निदान तासभर हलू नकोस. सारखं उचल-ठेव केलं की बाळ दमतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 8 ते 24 तास सांगते, ते एकटीला कसं जमणार? नवऱ्याला बसव. होडीवरून आला असेल तर आधी साबणाने आंघोळ! सासूबाई म्हणतील, ‘पोर उघडं ठेवलंय’. म्हणू देत, पावसात वीज गेली तरी ही ऊब जात नाही. आपल्याकडच्या दमट हवेत घाम येणारच, मऊ पंचाने टिपून घे, पंख्याचा झोत थेट बाळावर नको.

आणि हो, बसण्याआधी बाथरूमला जाऊन ये.