दुर्बिणीआधी ‘प्रत’ समजून घ्या

दुर्बीण घ्यायची घाई करू नका. आधी एक शब्द पक्का करा: प्रत. ताऱ्याची तेजस्विता प्रतीने मोजतात, आणि आकडा जितका लहान तितका तारा ठळक. नवखे इथेच हमखास गोंधळतात. रात्रीच्या आकाशातला सर्वांत ठळक तारा व्याध, त्याची प्रत उणे १.४६; ध्रुवाची साधारण २. गावाबाहेरच्या काळोखात नुसत्या डोळ्यांना ६ प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात १०० पट!

पण ही झाली दृश्य प्रत, इथून दिसते ती. व्याध आपल्यापासून अवघ्या ८.६ प्रकाशवर्षांवर आहे. मृग नक्षत्रातला राजन्य तारा त्याच्याहून कितीतरी पट प्रकाश ओततो, तरी शेकडो प्रकाशवर्षं लांब असल्याने फिका वाटतो. (प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाश वर्षभरात कापतो ते अंतर, काळ नव्हे.) मला हे उमगलं त्या रात्री आकाशाला एकदम खोली आली.

तारा आकाशात किती उंचावर आहे हे अंशांत सांगतात, आणि ते अंश मोजायला हातच पुरे. हात ताठ करून धरलेली मूठ साधारण १० अंश, करंगळी १ अंश. पुण्यातून ध्रुव क्षितिजापासून सुमारे साडेअठरा अंशांवर, म्हणजे जेमतेम दोन मुठी. आज रात्री उत्तरेला तोंड करून मोजून बघा.