'ब्रेन कनेक्टिव्हिटी'ला मराठीत काय म्हणायचं? मेळ, जाच आणि आबाळ

निपाणीच्या एका ताईंनी विचारलंय. मराठी शाळेच्या पालकसभेत वाटायला त्या एक पानभर माहिती लिहिताहेत, आणि त्यात "बालपणीच्या प्रतिकूलतेमुळे नैराश्यग्रस्तांच्या मेंदूची संयोजकता बिघडते" असं वाक्य कुठूनतरी आलंय. 'संयोजकता' म्हणजे इंग्रजीतली कनेक्टिव्हिटी, ते काढून 'जोडणी' लिहिलं तर चालेल का, कन्नडमध्येपण 'जोडणे' आहेच तर सगळ्यांना कळेल, असं त्यांचं म्हणणं.

चालेल, खरं सगळीकडं नाही. जोडणी म्हटलं की माणसाला वायर दिसते, आणि जोडणी बिघडली म्हटलं की वायर तुटली असंच वाटतं. मेंदूत तशी जोडणी आहेच म्हणा, पांढऱ्या तंतूंचे जुडगे एका भागाकडून दुसऱ्या भागाकडं गेलेले असतात, त्यांच्याबद्दल लिहायचं असेल तर बिनधास्त जोडणी लिहा. पण डिप्रेशनवरच्या ज्या अभ्यासांतून असली वाक्यं येतात त्यातल्या पुष्कळांत वेगळंच काहीतरी मोजलेलं असतं. माणसाला एमआरआय मशीनमध्ये नुसतं पडून राहायला सांगतात आणि मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत रक्तातल्या ऑक्सिजनचा सिग्नल हळूहळू कसा वरखाली होतो ते बघतात. १९९५ मध्ये भरत बिस्वाल या संशोधकानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की हाताची हालचाल चालवणारे डाव्या आणि उजव्या बाजूचे भाग, माणूस हात अजिबात हलवत नसला तरी, एकाच लयीत वरखाली होत असतात. तिथनं पुढं जे भाग असे बरोबरीनं वरखाली होतात त्यांच्यात कनेक्टिव्हिटी आहे असं म्हणायची पद्धत पडली. म्हणजे मोजली ती लय, तंतू नाही. भजनात मृदंगवाला आणि टाळकरी दोरीनं बांधलेले नसतात, तरी त्यांचा मेळ बसतो किंवा सुटतो, ते आपल्याला कानानं कळतं. म्हणून इथं 'मेळ' लिहा. 'संयोजकता' परिभाषाकोशात शोभेल, पालकसभेत नाही.

'बिघडते'पण मला खटकतं, कारण त्यानं एकाच दिशेचा अर्थ निघतो. मेळ कुठं कमी होतो तर कुठं गरजेपेक्षा जास्त होतो. माणूस स्वतःच्याच विचारात असतो तेव्हा जे भाग जास्त चालू असतात त्यांचं एक जाळं आहे, त्याला डिफॉल्ट मोड नेटवर्क म्हणतात. डिप्रेशनमध्ये या जाळ्यातला मेळ वाढतो असं बरीच वर्षं मानलं जात होतं, मग २०१९ मध्ये चीनमधल्या बऱ्याच गटांनी मिळून १,३०० पेशंट आणि १,१२८ निरोगी माणसांचे स्कॅन एकत्र तपासले तर ज्यांना डिप्रेशन परत परत आलं होतं त्यांच्यात तो उलट कमी निघाला. त्यामुळं 'मेळ बदलतो' किंवा 'मेळात फरक दिसतो' एवढंच लिहिणं प्रामाणिक.

आता 'नैराश्य'. हा शब्द रुळलाय, काढून टाका असं मी म्हणणार नाही, पण आपण मार्कं कमी पडली, गाडी चुकली तरी निराश झालो म्हणतो. डॉक्टर ज्याला डिप्रेशन म्हणतात त्यात कमीत कमी दोन आठवडे बहुतेक दिवसभर मन उदास असणं किंवा कशातच रस न उरणं, यातलं एक तरी लागतंच, आणि सोबत झोप, भूक, थकवा, एकाग्रता असली बाकीची लक्षणं येतात. सरकारी दवाखान्यात कन्नडमध्ये 'खिन्नते' लिहितात, ते खिन्न म्हणजे आपलंच, कळतं. आणि खानापूर-चंदगडाकडची बाई तर सांगते "कशात जीव लागंना झालाय बघा", यात रस न उरण्याचं लक्षण आख्खं आलं. पानावर 'डिप्रेशन' लिहून पुढं हे वाक्य टाका, आई-वडील लगेच ओळखतील.

सगळ्यात जास्त मला बोलायचंय ते 'प्रतिकूलता'बद्दल. त्याला सोपं म्हणून लोक 'खडतर बालपण' लिहितात आणि तिथं मोठी गफलत होते. आपल्याकडं सत्काराच्या भाषणात खडतर बालपण म्हणजे गरिबी, अनवाणी शाळा, कंदिलाखाली अभ्यास, आणि त्यातनं माणूस कसा घडला याचं कौतुक. या अभ्यासांत विचारतात ते निराळं. बालपणीच्या आघातांची जी प्रश्नावली खूप वापरली जाते तिच्यात पाच प्रकार आहेत : मनाचा, शरीराचा आणि लैंगिक छळ हे तीन, आणि मनाची व शरीराची हेळसांड हे दोन. यांना मराठीत कधीपासून शब्द आहेत, जाच आणि आबाळ. मुलाला घरात जाच होता, मुलाची आबाळ झाली, हे कुणालाही समजतं, अन् श्रीमंताच्या घरातपण दोन्ही होऊ शकतं हेसुद्धा त्यात येतं. केटी मॅकलॉफ्लिन आणि मार्गारेट शेरिडन या दोन संशोधकांनी २०१४ च्या सुमारास असंच मांडलं की धोका सोसणं आणि जे मिळायला पाहिजे ते न मिळणं या दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात, कारण पहिलीचा परिणाम भीती आणि भावनांशी संबंधित भागांवर, तर दुसरीचा भाषा, विचार, शिकणं यांच्याशी संबंधित भागांवर जास्त पडत असावा. जाच आणि आबाळ एका 'प्रतिकूलते'त कोंबले की हा फरकच पुसला जातो. लैंगिक अत्याचार मात्र स्पष्ट त्याच शब्दात लिहा ताई, तो जाचात झाकू नका.

राहिलं 'मुळे'. २०१९ मध्येच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या टीमनं डिप्रेशनच्या १८९ पेशंटांचा अभ्यास छापला, त्यात लहानपणीच्या आघातांचा आणि मोठेपणीच्या मेंदूतल्या मेळाचा संबंध दिसला, मध्ये कितीतरी वर्षं गेलेली असताना. संबंध दिसला, याच्यामुळेच ते झालं हे त्यातनं सिद्ध होत नाही. आणि हे सगळे आकडे गटांचे, एकट्या माणसाचा स्कॅन काढून त्याला डिप्रेशन आहे का, लहानपणी काय झालं होतं, हे कुणी सांगू शकत नाही. 'मुळे' तसंच ठेवलं तर एखादी आई घरी जाऊन म्हणेल, माझ्या पोराचा मेंदू गेला आता. तसं नाहीये, जाच सोसलेली कितीतरी मुलं डिप्रेशनशिवाय मोठी होतात आणि डिप्रेशनवर उपचार आहेत.

मी असं लिहीन : "लहानपणी घरात जाच झाला किंवा आबाळ झाली, तर मोठेपणी डिप्रेशन येण्याचा धोका वाढतो. अशा काही माणसांच्या मेंदूच्या वेगवेगळ्या भागांच्या आपसातल्या मेळात फरक दिसला आहे. मदत मिळाली तर माणूस बरा होऊ शकतो." आणि त्याच्याखाली टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोठ्या अक्षरात टाका, फोन फुकट आहे, रात्रीपण लागतो.